खांद्यापुढची गाठ

गुरं राखणाऱ्या माणसाला गुरांच्या रोगातलं काही कळत नाही, असं ठामपणे बोलणारी माणसं भेटली की माझं डोकं फिरतं. समोर पाहुणा असो की व्याही, मी त्याला सोडत नाही. घरचे म्हणतात, आता वय झालं, जरा सबुरीनं घ्या. मी घेत नाही. त्या तसल्या माणसांत एके काळी मीही होतो, आणि कुवेतमध्ये एका म्हाताऱ्याचं बिऱ्हाड माझ्या सहीनं उठलं.

मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष एकतर बोटीवर जायचे, नाहीतर आखातात कुणाच्या दुकानात उभे राहायचे. मी मॅट्रिकनंतर गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, सुया उकळून देणारा, बैलाला आडवा पाडून त्याच्या मानेवर बसणारा. डॉक्टर दौऱ्यावर असले की इंजेक्शनंही मीच टोचायचो. चार वर्षांत माझी अशी समजूत झाली की गुरांच्या दुखण्यातलं आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तेवढ्यात एका नातेवाइकाचा निरोप आला, कुवेतला एक व्यापारी विलायती गायींची डेअरी काढतोय, त्याला औषधपाण्याची माहिती असलेला माणूस हवा आहे. मुंबईहून बोटीत बसलो आणि शुवैखच्या धक्क्यावर उतरलो. तेव्हा साठ साल नुकतंच मागे पडलं होतं.

डेअरी शहराबाहेर वाळूत होती. मालकाच्या दहा-बारा देशी, म्हणजे त्याच मुलखातल्या, गायी तिथं आधीपासून होत्या. लहानखुऱ्या, तांबूस, हाडं वर आलेल्या. दूध जेमतेम, पण उन्हातान्हात रवंथ करत मजेत बसायच्या. त्यांचा गोठा जुना, समुद्रातल्या दगडांचा आणि मातीचा. विलायती गायींसाठी त्याच्या पाठीला पाठ लावून नवा गोठा बांधला होता. वर पत्रा, खाली सिमेंट, पाण्याला नळ, सगळं झकास. फक्त मागची भिंत नवी घातली नव्हती. जुनी भिंतच दोन्ही गोठ्यांना सामाईक ठेवली होती. तिच्या फटींत बोट जाईल एवढी जागा होती. मी ती पहिल्याच दिवशी पाहिली आणि मला त्यात काहीसुद्धा वावगं वाटलं नाही.

देशी गायी राखणारा म्हातारा इराकातल्या बसऱ्याकडचा. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून तो याच गायींच्या आयांच्या आणि आज्यांच्या मागे होता. गोठ्याच्या टोकाला एक खोली होती, तिथं तो आणि त्याची बायको राहत. तरुणपणी खजुराच्या गलबतावर दोन-तीन मोसम मुंबईला येऊन गेल्यामुळे त्याला मोडकीतोडकी हिंदी यायची. माझं अरबी त्याहून मोडकं. त्या दोन मोडक्यांवर आमचं चांगलं चालायचं. मी त्याला चाचा म्हणायचो. तो मला डॉक्टर म्हणायचा, आणि वाईट म्हणजे मनापासून म्हणायचा.

आमचे मॅनेजरसाहेब पुण्याचे. डेअरीचा डिप्लोमा केलेले. गमबूट घातल्याशिवाय गोठ्यात पाऊल टाकायचे नाहीत. कामाला मात्र वाघ. पहाटे धारेला हजर, पेंड स्वतःच्या हातानं चाळून बघणार, नोकरावर विनाकारण ओरडणार नाहीत. माणूस वाईट नव्हता, हे सांगताना माझी जीभ जड होते, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

हिवाळ्यात चाळीस विलायती गायी आल्या. काळ्या-पांढऱ्या, भल्याथोरल्या, कास अशी की मागचे पाय फेंगडे टाकावे लागत. ट्रकमधून उतरताना आम्ही सगळे बघतच राहिलो. चाचा त्यांच्याभोवती फिरला, एकीच्या कानात बोट घातलं, दुसरीची शेपटी उचलून कातडी चिमटीत धरून पाहिली. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"इनको दीवार के पास मत बाँधो," तो म्हणाला.

का, तर भिंतीत गोचिडी. त्यानं मला नखानं फट खरवडून दाखवली. त्याचं म्हणणं असं, की आपण गोचीड गाईच्या अंगावर बघतो म्हणून ती गाईवर राहते असं समजतो. गाय म्हणजे तिचं जेवणाचं ताट. तिचं घर भिंतीत. जेवून झालं की ती घरी जाते, कात टाकते, भूक लागली की पुन्हा येते. म्हणून तो दरवर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आत गायी आठ-दहा दिवस उघड्या वाळूत नेऊन बांधायचा, भिंतीच्या कडेनं खजुराच्या झावळ्या रचून पेटवायचा आणि मग फटी शेण, माती नि राख कालवून बुजवायचा. गेली दोन वर्षं नव्या बांधकामाच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "अहो, गवताची गंजी दहा पावलांवर आहे! पत्र्याखाली जाळ करायचा? उद्या सगळंच पेटलं तर मालकांना काय तोंड दाखवायचं?" त्यात चूक काही नव्हतं. पण गंजी हलवता आली असती. ते त्यांच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. गायींच्या अंगावर पावडर मारायचं ठरलं आणि मी रोज इमानेइतबारे गायी पावडरनं पांढऱ्या करत राहिलो. भिंतीला कुणी हात लावला नाही.

चाचाची दुसरी गोष्ट आणखी निराळी होती. इथं जन्मणाऱ्या वासरांना दूधपित्या वयात चार गोचिडी चावू द्याव्यात, असं तो म्हणायचा. तेव्हा ताप आला तर वासरू दोन दिवस मलूल होतं आणि उठतं. मग त्याला जन्मात तो ताप येत नाही. पण मोठेपणी परक्या मुलखातून आलेली गाय त्या तापातून उठत नाही. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "म्हणजे म्हाताऱ्याला गोचीड मारायचीही आहे आणि वासरांना लावायचीही आहे! एकदा काय ते ठरवा म्हणावं." मीही हसलो. साहेब हसले म्हणून नव्हे, मला खरंच हसू आलं. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उन्हाळा लागला आणि पहिली गाय पडली. कान पाडून उभी, दूध एकाएकी आटलं, अंगाला हात लावला तर चटका. चाचानं माझा हात धरून तिच्या खांद्याच्या पुढे, कातडीखाली ठेवला. तिथं लिंबाएवढी गाठ होती, हलवली की इकडेतिकडे सरकणारी.

"ये गाठ आया तो समझो दीवार का बुखार," तो म्हणाला.

आता माझी हुशारी ऐका. कोकणात गोचीड ताप मी शेकडो गुरांत पाहिला होता. त्यात जनावर लालभडक मुततं. दवाखान्यात शेतकरी बाटलीत घालूनच आणायचे, बाटली बघितली की रोग कळायचा. लाल मूत नाही तर गोचीड ताप नाही, हे माझ्या डोक्यात शिळेवर कोरल्यासारखं पक्कं. मी इनॅमलचं वाडगं घेऊन त्या गाईच्या मागे तासभर उकिडवा बसलो. मिळालं ते स्वच्छ पिवळं होतं. मी ते वाडगं मोठ्या तोऱ्यात चाचापुढे धरलं. त्यानं वाडग्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लालवाला बुखार अलग, हा अलग, असं काहीसं तो बोलला आणि गाईचा ओठ उलटून मला तिच्या हिरड्या दाखवायला लागला. त्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. मला मागून रोग बघायची सवय, तो म्हणत होता पुढून बघ. मी वाडगं विसळून ठेवलं आणि रजिस्टरात लिहिलं: उन्हाचा ताप.

झालं. ओले गोणपाट आले, पंखे आले, दिवसातून चारदा पाण्याचे फवारे सुरू झाले. फटींना ओल मिळाली, गोचिडी सुखावल्या असतील. दुसरी गाय पडली, तिसरी पडली, आणि तिसऱ्या दिवशी पहिली मेली.

चाचानं मला विचारलं, तुझ्याकडे दवा आहे का? मी म्हणालो, नाही. तेव्हा त्यानं त्याला ठाऊक असलेला एकच उपाय केला. सळई लाल करून गाठीभोवती डागलं. त्याच्या मुलखात माणसालाही डागतात, उंटालाही डागतात. पाच गायी त्यानं डागल्या, त्यातल्या दोन वाचल्या. डागल्यामुळे वाचल्या असं तो मानायचा. ते खरं नव्हतं, त्या वाचायच्याच होत्या. तेवढ्यापुरता तो चुकला, हे मी लपवत नाही. रोग ओळखला, रोगाचं घर ओळखलं, कुणाला होतो आणि कुणाला होत नाही ते ओळखलं. उपाय तेवढा त्याच्याकडे नव्हता. तो त्या वेळी जगात कुणाकडेच नव्हता, हे मला फार पुढे समजलं.

उन्हाळा अर्धा सरायच्या आत अकरा गायी गेल्या. आणि भिंतीच्या पलीकडे चाचाच्या देशी गायी खुशाल रवंथ करत बसलेल्या. एकीलाही काही नाही.

ज्या गोष्टीवरून कुणालाही उलगडा व्हावा, तीच गोष्ट त्याच्या मुळावर आली. साहेब मला ऑफिसात बोलावून म्हणाले, "तुम्हीच विचार करा. एकच भिंत, एकच पाणी, एकच ऊन. त्याच्या गायी मरत नाहीत, आपल्याच कशा मरतात?" एव्हाना उन्हाच्या तापावरचा माझाही विश्वास उडत चालला होता. मला वाटलं, आता हे बरोबर मुद्द्यावर येणार. ते पुढे म्हणाले, "म्हाताऱ्याला या गायी आल्या तेव्हापासून नको आहेत. आपल्याला न विचारता डागण्या देतो. जखमा चिघळल्या आणि जनावरं गेली. दुसरं काय?"

मालकाला कारण हवं होतं. साहेबांनी कागद तयार केला. चाचाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, त्यावर घातलं. अमुक तारखेला परवानगीशिवाय जनावरांना तापलेल्या लोखंडानं डागलं, जखमांत पू झाला, जनावरं दगावली. खाली माझी सही, गुरांच्या देखभालीचा माणूस म्हणून.

"साहेब, पू एकाच गाईला होता," मी म्हणालो. "आणि आठ गायींना तर डागलेलंच नव्हतं."

"मी खोटं लिहायला सांगतोय का? डागलं होतं ना? पू होता ना? मग? का तुमच्या रजिस्टरातला उन्हाचा ताप मालकांपुढे ठेवू? चाळीस पंखे लावूनही उतरला नाही तो?"

मी सही केली. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवलेली नव्हती. घरी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या, असली कारणं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला ऐकवली. पण खरं कारण तेव्हाही मला माहीत होतं. दोष म्हाताऱ्याचा नसेल तर तो माझ्या रजिस्टरावर येणार होता.

चाचाला दोन दिवसांत खोली खाली करायला सांगितलं. डेअरीच्याच पिकअपवर त्याची बाज, दोन गाद्या, भांडी चढली. बायको ताक घुसळायची चामड्याची पखाल मांडीवर घेऊन पुढे बसली. चाळीस वर्षं राखलेल्या गायींपैकी एकही त्याची नव्हती, सगळ्या मालकाच्या. तो प्रत्येकीजवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून आला. मग माझ्याकडे आला. मला वाटलं आता हा मला शिव्या देणार, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ज्या राहिल्यात त्यांना आज संध्याकाळच्या आत वाळूत बांध, भिंतीपाशी ठेवू नकोस.

मी मान हलवली. साहेबांकडे जाऊन हे बोलायची माझी छाती झाली नाही. ज्याला आपणच घालवला त्याचाच सल्ला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानंतर आणखी सहा गायी मेल्या. त्या सहा सर्वस्वी माझ्या खात्यावर.

महिन्याभरानं मालकानं बाहेरून एक गोरा तज्ज्ञ आणवला. त्याच्याकडे लाकडी पेटीत मायक्रोस्कोप होता. आजारी गाय दाखवल्याबरोबर त्यानं काय करावं? शेपटीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खांद्यापुढे हात घातला, गाठ चिमटीत धरली आणि तिच्यात सुई खुपसली. सुईत आलेला थेंब काचेवर पसरला, रंग लावला, बघितला आणि मला म्हणाला, बघ. पेशींमध्ये निळे ठिपके दिसत होते. एवढ्याला चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल. मग त्यानं खिशातला चाकू काढून भिंतीची फट खरवडली, खाली पांढरा कागद धरला. कागदावर गोचिडी चालायला लागल्या.

तो कागद त्यानं माझ्या हातात दिला आणि विचारलं, "इथं कुणालाच हे ठाऊक नव्हतं?"

साहेब शेजारीच होते. ते म्हणाले, "नाही. इथल्या गुराख्यांना असल्या गोष्टींची समज नाही."

गोऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरून खाली पडणारी एक गोचीड बोटानं मागे ढकलली.

पुढे त्याचा अहवाल आला. भिंतीपासून जनावरं ताबडतोब हलवावीत. फटी जाळून काढाव्यात आणि सिमेंटनं बुजवाव्यात. इथं जन्मलेल्या वासरांना कोवळ्या वयात थोडी बाधा होऊन गेली तर ती पुढे टिकतात, तेव्हा त्यांना अगदीच अलग ठेवू नये. वाचता वाचता माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे सगळं मी कुणाच्या तरी मोडक्या हिंदीत आधीच ऐकलं होतं. आणि शेवटी असं, की स्थानिक गुराख्यांना गोचिडींपासून होणाऱ्या रोगाची मुळीच कल्पना नाही, त्यांना शिकवणं अत्यंत गरजेचं आहे. शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं!

गवताची गंजी अर्ध्या दिवसात हलली. साहेबांनी स्वतः उभं राहून भिंतीला जाळ लावला. मी गोठ्यातल्या माणसांना रांगेत उभं करून शिकवायला लागलो. हात इथं ठेवा, खांद्यापुढे. गाठ लागते का बघा. ओठ उलटा, हिरड्या बघा. गोचीड गाईवर राहत नाही, भिंतीत राहते. एक बलुची गडी मध्येच म्हणाला, "हे तर म्हातारा रोज सांगायचा." मी म्हणालो, "हो," आणि पुढचा कागद उलटला.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी सालमियाला आमच्या गाववाल्यांच्या खोलीवर जेवायला जायचो. तिथं त्या हिवाळ्यात कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, तुमच्या डेअरीतला तो बसऱ्याचा म्हातारा आता शुवैखला एका लाकडाच्या वखारीवर राखणदार आहे. मी जेवण अर्धवट टाकलं आणि बस पकडली. मला घाई झाली होती. त्याला सांगायचं होतं की तू बरोबर होतास, काचेवर दिसलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ही बातमी ऐकून तो खूश होईल आणि माझंही ओझं उतरेल, असा माझा हिशोब. मला माझ्याच या हिशोबाची सगळ्यात जास्त चीड येते.

वखारीच्या फाटकाशी, फळ्यांच्या ढिगाच्या आडोशाला तो उन्हात बसला होता. गाईवाचून त्याचे हात रिकामे दिसत होते. बायकोनं आत चहा टाकला. त्यानं आधी गायींची चौकशी केली, एकेकीची, खुणेनं. कपाळावर चांद होता ती? गेली. मागच्या पायानं लंगडायची ती? आहे. देशी गायींतली म्हातारी व्याली का? व्याली, कालवड झाली. तेवढ्यावर तो हसला.

मग मी सगळं सांगितलं. सुई, काच, निळे ठिपके, चाकू, कागदावरच्या गोचिडी. भिंत जाळली ते सांगितलं. वासरांचं सांगितलं. अहवालात सगळं तुझंच बोलणं आहे चाचा, अक्षर न् अक्षर, असं मी दोनदा म्हणालो.

तो ऐकून घेत होता. माझं झाल्यावर त्यानं विचारलं, "मुझे निकाला, उस काग़ज़ में मेरा नाम था. इस काग़ज़ में है?"

"नाही."

"गोरे ने पूछा नहीं, किसको मालूम था?"

"पूछा."

"तू उधर था?"

"होतो. शेजारीच उभा होतो."

त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. तो माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तो डॉक्टर, तेरे को मुँह नहीं था?"

"था, चाचा," मी म्हणालो.